११,२०० रुपयांचा चष्मा आणि सुईचं नेढं

मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत शिवणकाम करणाऱ्या बाईंचं हे प्रकरण. वय ४८. त्यांना विचारूनच लिहितोय, पण नाव देत नाही. वाडीत सगळे त्यांना काकी म्हणतात, इथेही तेच चालेल. दिवसाचे सात-आठ तास मशिनवर जातात. ब्लाउज, फॉल-बिडिंग, शाळेचे गणवेश आणि चतुर्थीच्या तोंडावर पोरींची परकर-पोलकी. कापड आणायला आणि शिवलेलं पोचवायला स्कूटर. घरात सासूबाई आहेत, नवरा मच्छीच्या धंद्यात, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला.

मी मालवणात चष्म्याच्या दुकानात बसतो आणि नंबर काढतो. म्हणजे या विषयात माझा स्वतःचा धंदा गुंतलेला आहे. वाचताना तेवढं वजा करून वाचावं.

२०२५ च्या दसऱ्यानंतर काकी दुकानात आल्या, पर्समधून दोन चष्मे काढून काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, "ह्यो महाग, ह्यो स्वस्त. दोनांतूनय सुयेत दोरो जाणा नाय."

महाग तो प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला. जुलैत त्या लेकीकडे गेल्या असताना तिने एका मोठ्या साखळी दुकानातून घेऊन दिलेला, ११,२०० रुपयांचा. स्वस्त तो आठवडा बाजारातला, अधिक दोन नंबरचा रेडीमेड, १५० रुपयांचा. शिवाय घरी चार वर्षांपूर्वीचा लांबचा चष्मा होता, एका काचेला ओरखडा पडलेला, स्कूटरवर तेवढाच वापरायच्या.

चतुर्थीचा सगळा हंगाम त्यांनी या दोन चष्म्यांच्या मधे लोंबकळत काढला होता. संध्याकाळी डोकं दुखायचं, मान आखडायची. काळ्या ब्लाउजला काळा दोरा असला की काम सकाळवर ढकलायचं. दोन ब्लाउजांचे गळे वाकडे कापले गेले, कापडाचे पैसे भरून द्यावे लागले. आणि लेकीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. "चेडवान हौसेन घेवन दिल्यान, तिका कसा सांगू?" या एका वाक्यामुळे चष्मा बदलून मागायची मुदत निघून गेली. कोकणातल्या घराघरात चाकरमान्यांनी आणून दिलेल्या आणि कपाटात पडून राहिलेल्या वस्तू असतात. त्यात चष्मे किती असतील कोण जाणे.

आधी साखर, मग नंबर

चष्मा जमत नाही म्हणून येणाऱ्या चाळिशीपुढच्या कुणालाही मी पहिल्यांदा साखर विचारतो. रक्तातली साखर वाढलेली असली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर ऋण बाजूला सरकतो आणि साखर आटोक्यात आली की परत मागे येतो. अशा वेळी काढलेल्या नंबरावर केलेला खर्च दोन महिन्यांत वाया जातो. काकींनी ग्रामीण रुग्णालयात नुकतीच तपासून घेतली होती, ठीक होती. डोळ्याचा दाब आणि आतला पडदा डॉक्टरांना दाखवून या असं सांगितलं, त्याही दाखवून आल्या. हे काम दुकानाचं नव्हे, माझ्याही नव्हे आणि मॉलमधल्या कुठल्याही नव्हे. चाळिशीनंतर काचबिंदू गुपचूप येतो आणि मोफत नंबर तपासणीत तो सापडेलच असं नाही.

नंबर निघाला तो असा. उजवा डोळा उणे १.२५. डावा उणे १.००, त्यात सिलिंड्रिकल, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागणारा नंबर, उणे ०.७५, अक्ष (त्याची दिशा) ९०. वाचनासाठी वरची भर, म्हणजे ॲड, १.७५. प्रोग्रेसिव्हच्या पावतीवर जवळपास हेच आकडे होते. तिथल्या तपासणीत खोट नव्हती.

मग खोट कुठे? मी त्यांच्याच पर्समधली इंची टेप मागून घेतली. काउंटरपाशी खुर्चीत बसवलं, मशिनवर बसता तशा बसा म्हटलं आणि डोळ्यापासून सुईच्या जागेपर्यंत मोजलं. १६ इंच. दोरा ओवायचा तेव्हा सुई कुठे धरता? १२ इंच. कापड कुठे बेतता? टेबलावर, उभ्याने. ३० इंच. सेंटिमीटरमध्ये अंदाजे ४०, ३० आणि ७५. आणि चौथं अंतर म्हणजे स्कूटरपुढचा रस्ता.

हे चार आकडे डोंबिवलीत कुणी विचारले नव्हते. काकींना तिथे काय काम करता एवढंही विचारलं गेलं नाही. लेकीने "जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसलं पाहिजे" असं सांगितलं, आणि त्या वाक्याचं ठरलेलं उत्तर प्रोग्रेसिव्ह हेच असतं.

१५० चा चष्मा मान का दुखवत होता

बाजारातला रेडीमेड चष्मा वाईटच असतो असं नाही. ज्यांचे दोन्ही डोळे लांबचं चष्म्याविना नीट पाहतात, सिलिंडर नाही, त्यांना पोथी, बिलं, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला तो चालतो. डोळे त्याने खराब होत नाहीत. एसटी स्टँडवरच्या माणसाकडून दीडशेत घ्यावा, हरवला तर दुसरा घ्यावा.

काकींचं तसं नव्हतं, कारण त्यांना मुळात उणे नंबर आहे. उणे १.२५ वाला डोळा काहीही ताण न देता ८० सेंटिमीटरवर साफ पाहतो. एक मीटरला १.२५ ने भागा, तेवढं अंतर येतं. म्हणजे निसर्गाने त्यांना जवळचा सव्वा नंबर फुकटच दिलेला आहे. त्यावर बाजारातला अधिक दोन चढवला की सव्वातीन होतात, आणि एक मीटर भागिले सव्वातीन म्हणजे ३१ सेंटिमीटर. त्यापलीकडे सगळं पुसट. मशिनची सुई ४० वर. तेव्हा मधले चार इंच भरून काढायला त्या पाठीतून पुढे वाकत होत्या, दिवसभर. डोळ्यांच्या दुखण्यापेक्षा पाठीचं दुखणं मोठं होऊन बसलं ते यामुळे. डाव्या डोळ्यातल्या सिलिंडरला तर या चष्म्यात काहीच उपाय नव्हता, डोकेदुखीतला निम्मा वाटा त्याचा असावा.

आणि महागाचा

प्रोग्रेसिव्ह काच कशी असते हे विकणारे फारसं सांगत नाहीत. वर लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि मधे नंबर हळूहळू बदलत जाणारा एक अरुंद पट्टा. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चित्र विस्कटतं. खाडीच्या मुखाशी होडीला जसा खोल पाण्याचा एकच चिंचोळा रस्ता मिळतो आणि दोन्हीकडे वाळूचे पट्टे असतात, तसं. काच महाग असली की पट्टा रुंद होतो, पण बाजूचा विस्कोट पूर्ण जात नाही. तो त्या काचेच्या गणितातच आहे. फ्रान्समध्ये १९५९ मध्ये व्हॅरिलक्स नावाची प्रोग्रेसिव्ह काच आली तेव्हापासून कंपन्या तो कमी करत आल्या आहेत, शून्य कुणी केलेला नाही.

बँकेत बसणाऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला ही काच उत्तम. नजर समोरून खाली, खालून समोर. शिवणाऱ्या बाईचं काम आडवं चालतं. ३० इंचांवर पसरलेल्या कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडूची रेघ जाते आणि डोळा त्या रेघेवरून सरकतो. पट्ट्याच्या बाहेर गेला की सरळ रेघ पोटात फुगलेली दिसते. काकी म्हणाल्या, कापडाचा काठच वाकडा वाटतो, म्हणून कात्री सरळ करायला जाते आणि गळा वाकडा होतो. हे ऐकून मला तरी दुसऱ्या तपासणीची गरज वाटली नाही, तरी केली.

प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन अगदी पुसट खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. उजेडासमोर तिरकी धरली की दिसतात. त्यातल्या कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा असतो. त्या खुणांवर मार्करने ठिपके दिले, कंपनीच्या तक्त्यावर काच ठेवली आणि बाहुलीसमोर यायला हवी ती फुली काढली. मग चष्मा काकींना घालायला दिला आणि समोर बघा म्हटलं. फुली बाहुलीच्या तीन मिलिमीटर खाली. फ्रेमही वरून खाली बुटकी, आजकालच्या धाटणीची. बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत जेमतेम १५ मिलिमीटर जागा, आणि त्या काचेला निदान १८ लागतात. जवळचा नंबर जिथे पूर्ण भरायचा तो तळचा तुकडा फ्रेमच्या मापाला काच घासताना निघून गेलेला. ७,२०० रुपयांच्या काचांमधला काकींना सगळ्यात जास्त हवा असलेला भाग यंत्राखालच्या भुकटीत गेला होता.

त्यात घाम. आमच्याकडे सप्टेंबरातही चष्मा नाकावर टिकत नाही, घसरत आणखी दोन मिलिमीटर खाली येतो. फ्रेम नाकावर घट्ट बसवून, चेहऱ्यावरच माप घेऊन खूण करायची असते ती याचसाठी. प्रोग्रेसिव्ह विकत घेताना कुणी तुमच्या समोर बसून, चष्मा तुमच्या तोंडावर ठेवून काचेवर पेनाने ठिपका दिला नाही, तर पैसे देऊ नका. दुकान कितीही झगमगीत असो.

पावती

फ्रेम २,८००. काचा, ब्लू कट (निळा उजेड कमी करणारी काच) धरून, ७,२००. त्यावर १२ टक्के जीएसटीचे १,२००. एकूण ११,२००. नंबरचे चष्मे, त्यांच्या फ्रेम आणि काचा यांच्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. तोच माल दोन महिन्यांनी १०,५०० ला पडला असता. आता कुणी जुन्या दराने पावती फाडत असेल तर विचारायला हरकत नाही.

ब्लू कटबद्दल माझं मत आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना आवडत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा आला, त्यात निरनिराळे प्रयोग एकत्र तपासून निष्कर्ष निघाला तो असा, की स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा शीण या काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो असं दिसत नाही. तरी पावतीत ती ओळ असतेच. काकींच्या बाबतीत तर ती उलटी पडली. या काचेला किंचित पिवळट झाक असते. पांढऱ्या कापडाला पांढरा दोरा लावायचा की मोतिया, हे त्यांना दारात जाऊन, चष्मा काढून ठरवावं लागायचं.

किंमत एवढी का, याचं सरळ उत्तर असं की काचेचं द्रव्य महाग नसतं. साध्या नंबरची सीआर-३९ काच, म्हणजे १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेलं कोलंबिया रेझिन, आजही सगळ्यात स्वस्त आणि दिसायला सगळ्यात स्वच्छ काचांपैकी आहे. रंगांची कड तिच्यात फार कमी दिसते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही म्हणून स्कूटरवर आणि पोरांना चांगली, पण तिच्यातून कडेला रंग फाकतो. १.६७ वक्रीभवनांकाची पातळ काच उणे पाच-सहा नंबरवाल्यांसाठी. उणे सव्वाला ती घेणं म्हणजे पैसे उधळणं. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांना कळत नाही. कमी नंबर, कमी सिलिंडर असलेल्या काचा घाऊक व्यापाऱ्याकडे तयार पडलेल्या असतात. नंबर त्या मर्यादेबाहेर गेला की काच ऑर्डरने घडवावी लागते, आठवडा लागतो आणि भाव दुपटीवर जातो. काकींचा नंबर तयार मालातला. एकेरी, म्हणजे एकाच नंबरच्या, काचेला त्यांनी चढा भाव देण्याचं काही कारणच नव्हतं.

बाकीची किंमत दुकानाचं भाडं, एसी, जाहिरात, "मोफत" तपासणी करणाऱ्याचा पगार आणि एकावर एक फुकटची योजना यांची. यातलं काहीच गैर नाही. फक्त ते काचेचं मोल समजू नये.

काय केलं

पर्याय तीन होते. पहिला, मोठी फ्रेम घेऊन चांगली प्रोग्रेसिव्ह पुन्हा करणं. आमच्याकडे ती नऊ हजारांच्या खाली जमली नसती, आणि बेतण्याच्या टेबलावर त्रास उरलाच असता. दुसरा, बायफोकल, म्हणजे लांबच्या काचेत खाली जवळच्या नंबरची चकती. क्रिप्टॉक, म्हणजे आपली गोल चकतीवाली, किंवा डी, म्हणजे डी अक्षरासारख्या चकतीची. हजाराच्या आसपास काम होतं आणि आमच्याकडच्या जुन्या माणसांचा अजून तिच्यावरच जीव. पण स्कूटर उभी करताना, पायरी उतरताना खालची चकती मधे येते, आणि ३० इंचांवरच्या कापडाला वरचा नंबरही चालत नाही, खालचाही नाही.

तिसरा पर्याय मला पटला, काकींनाही: कामाचा वेगळा चष्मा, रस्त्याचा वेगळा.

कामाच्या चष्म्यासाठी मी पूर्ण १.७५ ची भर घेतली नाही. ती छापील अक्षरांसाठी, हातात पुस्तक धरून वाचायला काढलेली. तेवढी घेतली तर ५७ सेंटिमीटरच्या पलीकडचं पुसट व्हायला लागतं, म्हणजे बेतायचं टेबल गेलं. १.५० घेतली तर ६७ पर्यंत स्वच्छ आणि ७५ वर फरक इतका थोडा की जाणवत नाही. मशिनवरच्या सुईला त्यांच्या डोळ्यात अजून पुरेशी ताकद आहे. दोरा ओवायला थोडा जोर लागतो, पण ते क्षणाचं काम. उणे सव्वात अधिक दीड मिळवले की उजव्या काचेचा नंबर उरतो अधिक ०.२५. डाव्या काचेत अधिक ०.५० आणि सिलिंडर. उजवीकडे जवळजवळ कोरी काच! काकींनी चष्मा डोळ्यांसमोर मागेपुढे करून पाहिला. "ह्येत काय नंबरच नाय," म्हणाल्या. खरंच नव्हता. सगळं काम डाव्या काचेतल्या पाऊण सिलिंडरचं होतं.

सुई-दोरा आधी त्यांना बिनचष्म्याने दिला, मग ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून नंबर तपासायची फ्रेम, लावून. काळा दोरा, दहा नंबरची सुई. पहिल्यांदा दोऱ्याचं टोक नेढ्याच्या बाजूने निसटत राहिलं, त्यांनी ते ओठात ओलं केलं, पुन्हा निसटलं. ट्रायल फ्रेममध्ये गेलं. पण दुकानातला ट्यूबलाइट बंद करून दार ओढून घेतलं तर तोच दोरा तिथेही जाईना. मला दाखवायचं होतं ते हेच. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. काकी अठ्ठेचाळीसच्या, मशिन पडवीत, आणि पडवीला बाहेरून माडांची सावली. मशिनला चिकटणारा एलईडी दिवा घ्या, म्हटलं. २५० रुपयांत आला. या प्रकरणातला सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच असावा.

हिशेब असा झाला. कामाचा चष्मा: टीआर-९० प्लास्टिकची फ्रेम ६५०, हार्डकोट आणि अँटिग्लेअरची सीआर काच ४८०, कर धरून १,२०० च्या आत. रस्त्याचा: जुन्या धडधाकट फ्रेममध्येच पॉलिकार्बोनेट काचा, ७५०. दिवा २५०. सगळं मिळून २,२०० पर्यंत.

आणि तो महागाचा टाकला नाही. त्याचे नोजपॅड जवळ ओढून फ्रेम दोन मिलिमीटर वर उचलली, दांड्या कानामागे वाकवून घसरण थांबवली. याचे पैसे कुणीच घेत नाही, मीही घेतले नाहीत. आता तो बाजाराला, लग्नाला, ग्रामसभेला चालतो. लांबचं आणि मोबाइलचं भागतं. वाचायचा तुकडा काही परत येत नाही.

चष्म्यामुळे कमाईत काय फरक पडतो हे विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आसामातल्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या पानं खुडणाऱ्यांना जवळचे साधे चष्मे देऊन पाहिले होते. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. चष्मा मिळालेल्यांची खुडणी न मिळालेल्यांच्या मानाने २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. तिथे प्रोग्रेसिव्ह वाटले नव्हते. काजूच्या कारखान्यात गर सोलणाऱ्या, बंदरावर जाळी विणणाऱ्या, आंब्याच्या पेट्या भरताना डाग पाहणाऱ्या आमच्याकडच्या किती जणांना हे लागू होईल, मोजायला हवं.

मग घ्यायचा कुठून

काकींच्या लेकीने फोनवर मला हेच विचारलं, जरा फणकाऱ्यानेच. तिला मी सांगितलं ते इथे लिहितो.

एकेरी नंबर, सिलिंडर थोडं किंवा नाही, आणि हातात नीट लिहिलेला कागद: ऑनलाइन घ्यायला काहीच हरकत नाही. लेन्सकार्टसारख्यांकडे किंवा टायटनच्या दुकानात एकेरी काचेचे भाव आमच्या आसपासच असतात, कधी कमीही. फक्त कागदावर दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहून घ्या. पुष्कळ दुकानदार ते मुद्दाम लिहीत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. काकींच्या कागदावर लांबचं ६२ आणि जवळचं ५९ मिलिमीटर लिहून दिलं. तपासणीचे वेगळे पैसे घ्यावेत आणि कागद पूर्ण द्यावा, हे मला जास्त स्वच्छ वाटतं. मोफत तपासणी आणि अर्धवट कागद हा व्यवहार गिऱ्हाइकाला शेवटी महागात पडतो.

प्रोग्रेसिव्ह, बायफोकल, मोठा सिलिंडर, दोन डोळ्यांत फार फरक: हे जिथे परत परत जाता येईल तिथूनच. बहुतेक चांगल्या कंपन्या प्रोग्रेसिव्ह जमली नाही तर काच बदलून देतात, पण मुदतीत, आणि चष्मा घेऊन समोर यावं लागतं. डोंबिवलीला जाऊन यायचं तर दोन दिवस मशिन बंद, कोकण रेल्वेचं तिकीट वेगळं आणि चतुर्थीच्या दिवसांत ते मिळणंच मुश्किल. स्वस्त असो वा महाग, ज्या दुकानापर्यंत तुम्ही एसटीने सकाळी जाऊन दुपारी परत येऊ शकत नाही, तिथे हा चष्मा घेऊ नये. कोल्हापूरला स्वस्त मिळतो म्हणून घाट चढून जाणारे आमच्याकडे आहेत. एकेरी चष्म्याला ठीक, शंभर-दोनशे वाचतात, अंबाबाईचं दर्शन होतं. आमच्या दुकानातली निम्मी काचही तिकडच्याच घाऊक व्यापाऱ्याकडून येते.

सरकारी वाट लोक विसरतात. नंबर काढायला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कणकवली, सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाता येतं. तिथला कागद घेऊन चष्मा कुठेही करता येतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्यातून शाळेतल्या गरीब मुलांना आणि वयस्कर माणसांना जवळचे चष्मे मोफत मिळतात. काकींच्या सासूबाईंना मोतीबिंदूनंतर शिबिरातला चष्मा मिळालेला आहे, जाडजूड तपकिरी फ्रेमचा, आणि काकींच्या दोन्ही चष्म्यांपेक्षा तो जास्त वापरला जातो. ६५ वर्षांपुढच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये एकदाच खात्यावर मिळतात, त्यात चष्मा बसतो. काकींना ती अजून सतरा वर्षं लागू नाही.

खारं वारं

फ्रेमबद्दल थोडं, कारण समुद्राकाठी तिचा हिशेब वेगळा. पुण्यात चार वर्षं टिकणारी धातूची फ्रेम आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात नोजपॅडच्या तारांवर हिरवं किटण धरते. स्वस्त फ्रेमच्या मिश्रधातूत तांबं असतं, त्याला घाम आणि खारी हवा मिळाली की हे व्हायचंच. नाकावर हिरवा डाग येतो, काहींना खाज सुटते. बिजागरीचा स्क्रू गंजला की दांडी काढताना तुटतो. काकींच्या त्या महागाच्या फ्रेमच्या तारा तीन महिन्यांत कळकायला लागल्या होत्या, २,८०० रुपये देऊन. टीआर-९० हे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक, हलकं आणि लवचिक. त्यात गंजण्याजोगा एखादा स्क्रूच. धातूच हवा असेल तर स्टेनलेस स्टील, आणि पैसे असतील तर टायटॅनियम.

काचेचा शत्रू उन्हातली डिकी. तापलेल्या डिकीत काच आणि तिच्यावरचं कोटिंग सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, कोटिंगला बारीक चिरा पडतात आणि काच कायमची धुरकट दिसते. आणि काकींची स्वतःची सवय म्हणजे हातात येईल त्या चिंधीने चष्मा पुसणं. चिंधीत बेतायच्या खडूची भुकटी असते, काचेवर मिठाचे कण असतात. आधी नळाखाली धरा, मग पुसा, एवढंच सांगितलं. ऐकतील असं वाटत नाही.

पुढे

दिवाळीनंतर काकी पुन्हा आल्या त्या सासूबाईंच्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायला. डोकेदुखी गेली होती. मान अधूनमधून दुखते, ती आधीच्या सवयीने, असं त्यांचंच म्हणणं. रात्री जेवणानंतर दिव्याखाली तासभर काम होतं, काळं कापडसुद्धा. लेकीने दरम्यान त्या साखळी दुकानाला फोन केला. मुदत संपली आहे, पुढच्या खरेदीवर सूट देऊ, असं उत्तर मिळालं. तिने सूट घेतली नाही.

५० च्या आसपास जवळची भर आणखी वाढेल. तेव्हा कामाच्या चष्म्याच्या काचा बदलायच्या, फ्रेम तीच ठेवायची. आजच्या भावाने पाचशे रुपयांचं काम.